वरच्या मजल्यावरची ऊब

हाइलला थंडी पडते, हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सौदी म्हणजे वाळू, ऊन आणि घाम, असं धरून मी राजापूरहून निघताना होता तो एकुलता एक स्वेटरही बहिणीला देऊन आले. आम्ही कोकणातली माणसं. पहाटे अंगावर चादर ओढली की आमची थंडी संपते. इथे डिसेंबरात नळाचं पाणी बोटांना चावतं, आणि फरशीवर अनवाणी पाऊल टाकलं की कळ थेट गुडघ्यापर्यंत जाते.

मी सरकारी हॉस्पिटलात नर्स. नवरा इलेक्ट्रिशियन, कंपनीच्या साइटवर लांब असतो. गुरुवारी संध्याकाळी घरी येतो आणि शनिवारी परत जातो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, इथल्या इंडियन स्कूलमध्ये. आम्ही तळमजल्यावर, आमच्या डोक्यावर एक मराठी जोडपं आणि त्यांच्या डोक्यावर घरमालक. त्या मधल्या मजल्यावरच्या बाईमुळे मी दोन हिवाळे जळत काढले. जळून ऊब येत असती तर मला हीटर लागलाच नसता.

बाई साताऱ्याकडची. नवरा गव्हाच्या शेतांवरची पाणी फिरवणारी यंत्रं दुरुस्त करायचा, मुलगा पुण्याला शिकत होता. मी तिला तोंडावर वहिनी म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र तिला मी बया म्हणायचे. का, तर तिचं घर उबदार होतं. माझं नव्हतं. कारण एवढंच, आणि मला तेवढं पुरत होतं.

आमची इमारत उन्हाळ्यासाठी बांधलेली. खिडकीत बसवलेले एसी फक्त गार करणारे, त्यांच्या कडांतून वारा शिट्टी घालतो. बाहेरचा लोखंडी दरवाजा जमिनीपासून दोन बोटं वर. मी नवा तेलाचा हीटर आणला, इथे त्याला दफ्फाया म्हणतात, आणि तो दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवला. जेमतेम सोफा तापायचा. बाकी घर आपलं जिथल्या तिथे गार. आणि वीज महागत चाललेली. मोबाइलवर बिलाचा मेसेज आला की मी आधी खुर्ची शोधायचे, मग मेसेज उघडायचे.

वर काय होतं? काही नाही. हीटर होता एक, जुना, पण तो कपाटावर चढवून ठेवलेला. तिने तीनपैकी दोन खोल्या सरळ बंद करून टाकल्या होत्या. दोघं एकाच खोलीत राहायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. गावाकडून येताना बाईने बॅगेत जुन्या साड्या भरून आणलेल्या, त्यांच्या गोधड्या शिवल्या. एक दाराला टांगलेली, एक खिडकीला. एसीच्या तोंडावर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवलेला. खाली सतरंजी, सतरंजीवर गोधडी. सोफा म्हणून नाही घरात.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात नाक मुरडलं. म्हटलं, घाटावरची माणसं, सौदीत आली तरी खळ्यावरच राहतात. माझा दिवाणखाना मला प्यारा होता. तो बंद करायचा? मग आलं-गेलं माणूस कुठे बसणार? दोन वर्षांत आलं-गेलं कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

एकदा न राहवून विचारलंच, "वहिनी, तुम्हाला बिल केवढं येतं हो?"

"येतंय की थोडंफार," ती म्हणाली.

ते थोडंफार मला महिनाभर पुरलं. भाकऱ्या थापताना थोडंफार, वॉर्डात सलाइन बदलताना थोडंफार.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पोरीचं गिळवेना.

माझी ड्यूटी सकाळी सातला सुरू. शाळेची व्हॅन पोरीला दोनला सोडायची, ती वर जायची. हॉस्पिटलची बस मला चारला दारात उतरवायची. वहिनी पोरीला सांभाळते, पैसे घेत नाही, गरम गरम खायला घालते, याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मानायचेही, तोंडाने. पण चारला मी आले, आंघोळ-बिंघोळ उरकून हीटर लावून हाक मारली, की वरून उत्तर यायचं, "ममा, फाइव्ह मिनिट्स!" ती पाच मिनिटं रात्रीच्या जेवणापर्यंत चालायची. मी एकटी सोफ्यावर, पायांत दोन-दोन मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि डोक्यावर दोघींच्या हसण्याचा आवाज. काय एवढं हसायच्या, देव जाणे.

आणि खाली आली की पोरगी सांगणार, "ममा, आंटीचं घर इतकं वॉर्म आहे ना!" एकदा तर म्हणाली, "मी आंटीकडे झोपू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय तेवढे गारच राहिले.

मग मी ठरवलं, ऊबच हवी ना बाईसाहेबांना? देते. मी दुसरा दफ्फाया आणला. दोन्ही दिवाणखान्यात लावले, आणि सकाळी ड्यूटीला जाताना बंद न करता तसेच ठेवून जायला लागले, म्हणजे चारला घर कसं तापलेलं असेल आणि पोर आपणहून खाली येईल. वॉर्डात पेशंटच्या बायकांना मी बजावायचे, घरात कुणी नसताना हीटर चालू ठेवू नका बायांनो. आणि स्वतः हे उद्योग. मत्सर चढला की शिक्षण उतरतं.

पोर आली नाही. उलट वरचं घर जास्तच आवडायला लागलं तिला. बिलाचा मेसेज आला, त्या दिवशी मला खुर्ची सापडायच्या आत मी तो उघडला आणि भिंतीला टेकले.

गुरुवारी नवरा आला. मी त्याच्यापुढे सगळं ओकले, बिलाचं आणि पोरीचं. शुक्रवारी सकाळी वहिनींचा एक स्विच चिकटत होता, तो बघायला वर गेला, चहा पिऊन खाली आला तो हसतच.

"अगं, त्यांच्या खोलीत अनवाणी उभा राहिलो मी. फरशी गार नाही."

"मग? गोधड्या आहेत ना तिच्या."

"गोधडी वर, फरशी खाली. त्यांची ती खोली बरोबर आपल्या दिवाणखान्यावर आहे. तुझे दोन हीटर दिवसभर आपला स्लॅब तापवतायत. गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकलीस की नाही? तू सोफ्यावर कुडकुडतेस आणि त्या तुझ्या उबेवर मांडी घालून बसतात."

दोन हिवाळे. दोन हिवाळे मी जिच्या उबेवर जळत होते, ती ऊब माझीच होती. आयत्या बिळावर नागोबा, तो हा असा. वर पुन्हा माझीच पोर माझ्याच उबेला आंटीचं घर म्हणत होती.

"बंद," मी म्हटलं. "आजपासून दोन्ही बंद. खलास."

"आणि आपण?"

"आपण गारठू. पण तीही गारठेल."

नवरा म्हणाला, "तुला बिल कमी करायचंय, की तिला थंडी वाजवायचीय?" मला दोन्ही करायचं होतं, पण खरं सांगायचं तर दुसरं आधी.

तो शनिवारी गेला आणि माझी मोहीम सुरू झाली. मी स्वतः स्वेटरवर स्वेटर घातले, इथल्या बायका घालतात तसा जाडजूड फरवा, म्हणजे लोकरी अस्तराचा लांब कोट, आणला, रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या मोज्यांत घालून पांघरुणात ठेवल्या. आणि वर कान लावून बसले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी वर कुणीतरी शिंकलं. मला बरं वाटलं. लपवून काय करू, बरं वाटलं. वाटलं, आज ना उद्या पोरगी उतरेल खाली. ऊब गेली की माणूस कशाला थांबेल?

तिसऱ्या दिवशीही साडेपाच झाले, सहा झाले, ती आली नाही. मी फरवा गुंडाळून वर गेले.

दार लोटलेलंच होतं. खोली गार, माझ्या घराइतकीच. मी चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला, कळ गुडघ्यापर्यंत गेली. दोघी भिंतीला टेकून बसलेल्या, पाय पसरून, एकाच गोधडीत. वहिनींच्या डोक्यावर नवऱ्याची माकडटोपी, ती पोरीने उलटी घातलेली असावी, कारण एकच डोळा दिसत होता. पोर तिला सातचा पाढा म्हणून दाखवत होती, इंग्रजीत, आणि ती बया मराठीत चुका काढत होती. दोघींची नाकं लाल. आणि दोघी हसत होत्या.

"या ताई, बसा की," वहिनी टोपी काढत म्हणाली. "मी खाली येणारच होते. तुमचा हीटर बिघडला काय? तीन दिवस झाले, खालून ऊब येईना."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"फरशीला हात लावला की कळतंय की. आमचं बिल कमी येतं ते तुमच्यामुळंच. मी ह्यांना म्हणायची, ताईंना सांगायला पाहिजे. मग वाटायचं, सांगितलं तर हीटर बंद करतील." तिने खाली बघितलं. "चुकलंच माझं. म्हणून पोरीला बरोबर तुमच्या हीटरच्या वरच बसवत होते. म्हटलं, हिच्या आईची ऊब आहे, निदान हिला तरी मिळू दे."

एवढंच ऐकायचं राहिलं होतं. भांडायला आले होते आणि भांडायला जागाच ठेवली नाही बाईने. मग उरली पोर. मी तिच्याकडे वळले. आवाज चढलाच माझा. "ऊब नाही, काही नाही. तरी इथेच? आता तरी खाली का येत नाहीस गं?"

पोर जरा घाबरली. मग खरं तेच बोलली, मुलं बोलतात तसं, सरळ.

"ममा, तू आलीस की बोलतेस, डोन्ट टच मी."

हे मी सांगायला हवं. माझी एक शिस्त होती. पोर दोन वर्षांची असताना मी एकदा वॉर्डातून ताप घरी आणला होता, तिला आठवडाभर सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून ड्यूटीवरून आले की बूट बाहेर, युनिफॉर्म बादलीत, आणि आंघोळ होईस्तोवर कुणी हात लावायचा नाही. पोर धावत आली की मी हात पुढे धरायचे, थांब, लांब. सहा वर्षं रोज. हिवाळ्यात गीझर तापायला वेळ, केस वाळायला वेळ. मी बाहेर येईपर्यंत तिचं धावत येणं संपलेलं असायचं. कधीपासून ती धावत यायचीच बंद झाली, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला हीटर दिसत होता.

"नंतर तू टायर्ड असतेस," पोर म्हणाली. "आंटी लगेच घेते."

वहिनी गोधडीचे टाके बोटांनी सारखे करत बसली. माझ्याकडे बघितलं नाही तिने, त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. पण आतून जळलेच. लगेच घेते. वॉर्डातल्या जंतूंशी गाठ माझी, हिची नाही, म्हणून हिला लगेच घेता येतं. हिला काय जातंय.

त्या संध्याकाळी मी पोरीला घेऊन खाली आले नाही. तिथेच बसले, गोधडीच्या कडेला, पाय आत न घालता. वहिनीने चहा केला. आमचं ठरलं ते असं: चार ते नऊ माझा एकच हीटर, तोही तिच्या खोलीखालीच, तिने माझ्या दाराला आणि खिडक्यांना गोधड्या शिवून द्यायच्या, आणि दिवाणखाना सोडून बाकीच्या खोल्या मी बंद करायच्या. पाहुण्यांची वाट पाहणं मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी लगेच बसकडे गेले नाही. हॉस्पिटलातल्या चेंजिंग रूममध्ये शॉवर आहे, कोमट पाण्याचा, तोही मनात आलं तर. डोक्यावरून आंघोळ केली, साबण दोनदा लावला, घरचे कपडे घातले. युनिफॉर्म पिशवीत बांधला. सगळ्या उरकाउरकीत बस थांबवून धरावी लागली, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला, करत होता. ओल्या केसांवर स्कार्फ बांधून मी खिडकीशी बसले, तर कान दुखायला लागले, दात वाजायला लागले.

जिन्याखाली उभं राहून हाक मारली. पोर वरून उतरली आणि तिसऱ्या पायरीवर सवयीने थांबली.

"ममा, बाथ?"

"झाली. तिकडेच करून आले."

तिला पटेना. मी स्कार्फ सोडला आणि डोकं खाली वाकवलं. ती एक पायरी उतरली, केसांत बोटं घातली, बोटांचा वास घेतला. मग अंगावर आली ती सगळ्या वजनानिशी, मी कठड्याला धरलं म्हणून पडले नाही.

"तू किती गार आहेस," ती माझ्या मानेशी म्हणाली. पण सोडलं नाही.

वर जिन्याच्या तोंडाशी वहिनी येऊन उभी राहिली होती, हातात अर्धी शिवलेली गोधडी. मी तिला बघितलं. मनात म्हटलं, बघू दे. चांगलं बघू दे.