उन्हात उतरणारा सूर

आमच्या घरी सकाळच्या चहापर्यंत अमरावतीत काय घडलं ते कोणालाच माहीत नसतं, पण जगात कुठे नवा सिंथेसायझर निघाला ते मात्र सगळ्यांना माहीत झालेलं असतं. माझा नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पेपर दारात पडून राहतो आणि हा माणूस मोबाईलमधून बातम्या वाचून दाखवतो. जपानात काडेपेटीएवढा सिंथ आला. युरोपात कोणीतरी झाडाच्या पानाला वायर लावून त्यातून सूर काढले. मी पोहे परतता परतता "हो का" म्हणते. इतक्या वर्षांत माझं हे "हो का" अगदी गुळगुळीत झालं आहे.

सिंथेसायझर म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं यंत्र. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बोटांनी वाजवतात ते त्यातलंच, पण आमच्याकडचं तसं दिसत नाही. त्याला पट्ट्याच नाहीत. नुसती फिरवायची बटणं आणि रंगीबेरंगी वायरी. नवऱ्याने ते सुटे भाग मागवून वरच्या खोलीत स्वतः जोडलं. कॉलेजातून आला की चहा घेऊन वर, आणि जेवायला तीन हाका मारल्या की खाली. मधल्या वेळात छतातून घूंऽऽ असा आवाज येत राही. खाली हॉलमध्ये सासूबाई एकट्या टीव्ही बघत बसलेल्या असत. पाहुणे विचारायचे, "वर चक्की टाकली काय?"

एकदा वरूडहून संत्र्यांची पेटी आली, तर त्यातलं एक संत्रं घेऊन हा वर पळाला. अर्ध्या तासाने आम्हाला बोलावलं. संत्र्यात वायर खोचली होती, आणि हात लावला की मशीन कुईं करत होतं. याचा चेहरा असा, जणू विदर्भाचा प्रश्न सुटला. सासूबाईंनी दोनदा हात लावून पाहिला, मग वायर उपटली आणि संत्रं सोलायला घेतलं.

"काहून उपटली आई?"

"वाजून झालं ना बाप्पा? मंग आता खाऊ दे."

सासूबाईंचं संगीत वेगळं. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्याच हॉलमध्ये बसतं आणि पुढे म्हणायचा मान त्यांचा. त्यांची पट्टी काळी पाच. पेटीवरची ती वरची काळी पट्टी, बाईमाणसालाही चांगलाच दम लागेल अशी. मंडळातल्या बायका आपली ओळख करून देताना नवऱ्याची नोकरी सांगत नाहीत, पट्टी सांगतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पेटी वाजवणाऱ्या काकू लेकीकडे पुण्याला गेल्या आणि पेटीही सोबत घेऊन गेल्या. मंडळ सुराविना बसलं. तेव्हा नवरा जिन्यावरून म्हणाला, "मशीन आणू का खाली? एक सूर धरून ठेवते ते, तंबोऱ्यासारखा." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "आण. पण संत्रं नको आणू."

मशीन खाली आलं, काळी पाचचा सूर लागला, आणि दुसऱ्याच भजनात वर चढताना सासूबाईंचा आवाज फुटला. त्या पाणी प्यायल्या. "ठसका लागला," म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी परत ठसका लागला. मंडळात एक नवी सून आहे, गोड गळ्याची. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, पट्टी जराशी खाली घेऊ का?" सासूबाईंनी टाळ मांडीवर ठेवले.

"काळी पाच माही हाये. ज्या दिवशी खाली उतरीन, त्या दिवशी टाळ ठेवून देईन. मंग तूच म्हण."

चहाच्या वेळी सासूबाईंनी बिस्किटाला हातसुद्धा लावला नाही. मला फार वाईट वाटलं. भजन गेलं तर या बाईकडे टीव्हीशिवाय काय उरणार, हे मला दिसत होतं. आणि बहुतेक पहिल्यांदाच, वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसालाही दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी खालीच बसायला लागला. "आई, रियाज करू. मशीनचीही तपासणी होईल." आणि रोज मागच्या बाजूचं एक बटण केसभर फिरवायचा. पट्ट्या नसल्यामुळे सूर कुठून कुठे सरकला ते डोळ्यांना दिसायची सोयच नव्हती. काळी पाचवरून तो हळूहळू पांढरी सहावर, म्हणजे पेटीवर तिच्या लगेच खालच्या पट्टीवर आला. एका संध्याकाळी सासूबाई थबकल्या.

"काहून रे, सूर खाली वाटून राहिला मले."

तिथे याच्या सकाळच्या बातम्या कामी आल्या. कुठल्याशा मैदानात उन्हात ठेवलेल्या जुन्या धर्तीच्या सिंथचा सूर ऐन कार्यक्रमात ढळला, असं त्याने वाचलं होतं. "गरमी आहे ना आई. आतले भाग तापतात, सूर उतरतो. सगळ्या जगात होतं." ही गोष्ट खरी आहे, फक्त आमच्या हॉलमध्ये तेव्हा कूलर चालू होता. मी भाजी निवडायला मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

"भल्ली गरमी हाये खरी," सासूबाई म्हणाल्या आणि गायला लागल्या. ठसका लागला नाही.

दिवाळीपर्यंत मशीन आणखी एक पट्टी उतरून काळी चारवर येऊन बसलं होतं. सासूबाई मोकळ्या गळ्याने गात होत्या, गुरुवारी बायका माना डोलवत होत्या, आणि नवरा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगत होता, "अजून कळलं नाही तिला." शास्त्रज्ञ माणूस, पण चेहऱ्यावरचा आनंद कैऱ्या चोरणाऱ्या पोराचा.

मग अकोल्याचं बोलावणं आलं. माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या आमच्या गल्लीतल्या देवळात थंडीत भजनी मंडळं जमतात, आणि यंदा सासूबाईंच्या मंडळाला म्हणायला सांगितलं. नवरा मशीन गुंडाळायला लागला तर माझा भाऊ फोनवर म्हणाला, "आणू नका, इथे पेटीमास्तर आहेत."

याचं तोंड उतरलं. पेटीमास्तर पहिला प्रश्न विचारणार, पट्टी कोणती. आई सांगणार काळी पाच. आणि भरल्या देवळात, माझ्या सगळ्या माहेरासमोर, तिचा आवाज फुटणार. "सांगून टाका आता," मी म्हटलं. बसमध्ये त्याने बडनेऱ्याला तोंड उघडलं, मूर्तिजापूरला उघडलं, आणि दोन्ही वेळा "आई, पाणी देऊ?" एवढंच विचारलं. अकोला आलं तेव्हा सासूबाईंचं पाणी पिऊन पोट भरलं होतं.

देवळात मंडळ बसलं. पेटीमास्तरांनी भाता उघडला आणि विचारलं, "काकू, कोणती पट्टी देऊ?" नवरा खांबाला धरून उभा होता. मी डोळे मिटले.

"काळी चार," सासूबाई म्हणाल्या.

नवी सून चमकून बघायला लागली. सासूबाईंनी टाळ वाजवले आणि भजन उचललं. असं म्हटलं त्यांनी, की माझ्या वहिनीने पदर डोळ्याला लावला. माझी वहिनी कोणाचं सहजासहजी कौतुक करत नाही, हे मी नणंद म्हणून सांगते.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच दिवशी. उनानं उतरते म्हने! मंग थंडी पडली तं चढाले नाई पायजे का?" त्यांनी खिडकी लावून घेतली. "कॉलेजात मास्तर झाला, पन खोटं बोलता येत नाई त्याले."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर अंधारात कपाशीशिवाय काही नव्हतं.

"पण तुम्ही तर टाळ ठेवून देणार होता," मी म्हटलं.

"तवा बोलली होती. तवा हा वरतच राहे." त्या जरा थांबल्या. "मी बोलली असती तं हा मशीन घेऊन पुन्हा वरत गेला असता."

मग नवऱ्याने घसा खाकरून विचारलं, "आई, पुढच्या उन्हाळ्यात सूर अजून उतरला तर?"

"उतरू दे. अजून एक पट्टी खाली, पांढरी पाच घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "तू बसशीन ना पन खाली?"