मागच्या स्वयंपाकघरातली अकरा नावं

भारतातून कुणीही आलं की मी त्यांना अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जियातल्या गावातलं ते जुनं घर दाखवायला न्यायचो. अमेरिका हा देश नवा असताना तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, गेलेल्या एका पुढाऱ्याचं घर. तिथले एक म्हातारे रखवालदार मला चांगले ओळखायचे. पुढाऱ्याची कारकीर्द ते भराभर उरकत: तीनदा निवडून आला, दोनदा पडला, रस्त्यांवरून भांडला. मागच्या स्वयंपाकघरात मात्र ते टोपी काढत आणि त्याच्या अकरा गुलामांची नावं एकेक करून सावकाश म्हणत. तोवर माझे पाहुणे घड्याळ बघत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बाबा आले. नावं संपताच मी ऐटीत म्हणालो, "माझे आजोबासुद्धा कौन्सिलात होते. दोनदा निवडून आले."

म्हाताऱ्यांना खरंच आनंद झाला. "अरे वा! त्यांच्या घरी काम कोण करायचं?"

"एक गडी होता. तीस वर्षं होता. मला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा."

"नाव काय त्याचं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा मराठीत हळूच म्हणाले, "आपण गडीच म्हणायचो रे त्याला."

हे इंग्रजीत सांगायला माझी जीभ रेटेना. ते टोपी हातात धरून वाट बघत उभे होते.