शेंदराखालचं दगडफूल

घरमालक म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं पाण्याची मोटर अन् रात्रीचं बंद गेट आलं असंल. तसलं काही नाय. गारखेड्यातल्या आमच्या घरमालक काकांनी दगडाला जेवढा जीव लावला, तेवढा अख्ख्या मराठवाड्यात कुणी माणसाला बी लावला नसंल. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले काका दगडावरच्या पापुद्र्यासाठी, म्हंजे दगडफुलासाठी, जगतात. काकूंच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरतात अन् काकू खलबत्ता घेऊन ताटकळतात. "ह्याची ओळखपरेड झाली की सांगा, मग मी कुटते."

कन्नडच्या घाटात झऱ्याकाठच्या ओल्या कातळावर त्यांना एक जात सापडली होती. करडी-हिरवी, तळहाताएवढी. कडेला औषधाचा थेंब टाकला की लाल व्हायची, ही तिची खूण. दुसरीकडं कुठंच दिसंना, अन् मसाल्यासाठी खरवडणारे तिथवर पोचलेले. दर महिन्याला काका जायचे, मी गाडी चालवायला. पापुद्रा घासू नये म्हणून ते लांबच चपला काढायचे, न्हाव्याकडं असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीनं पाणी शिंपडायचे अन् भिंग लावून कपाळ टेकेस्तोवर वाकायचे. मी मागं हुबेहूब तसाच वाकायचो.

तिथं मेंढ्या चारणाऱ्या मावशीनं एकदा मला विचारलं, "हे बाबा कशाच्या पाया पडत्यात रं?" काका झऱ्याच्या वर गेलते. मी त्यांचाच घोगरा आवाज काढला. "काका म्हणतात, फार जुनं ठाणं आहे हे. जपा." म्हटलं, देवाचं ठाणं समजून कुणी खरवडणार नाय; गंमत बी झाली अन् राखण बी.

पुढच्या खेपेला सगळा कातळ शेंदरानं लालभडक. मावशी कौतुकानं म्हणली, "आता कोण खरवडतंय बघू. घरातलं तेल घालून दोन हात चढवला, बाबा. ह्या पोरानं सांगितलं ना, तुमी ठाणं म्हणलात म्हणून."

काका खाली बसले. बराच वेळ कडा चाचपत राहिले. खालच्या फटीत नखाएवढा तुकडा उरला होता.

"छान जपलंत, मावशी," ते म्हणाले. "एवढी फट तेवढी उघडी ठेवा. ह्याला हवा लागते."

"व्हय बाबा," मावशी खुशीत म्हणली.

परतताना वाटेत चहाला थांबलो. काका कप तसाच धरून होते. आवाज चढवला नाही.

"माझी नक्कल गल्लीत कर, काकूंपुढं कर, मला राग नाही. पण त्या बाईला ती नक्कल आहे हे कळत नव्हतं. तिनं आपल्या घरचं तेल आणलं रे. आता मी तिला कुठल्या तोंडानं सांगू, की तिनं जपलं म्हणूनच ते मेलं?"