दाजींच्या आवाजातला मळ

आमच्या दाजींचा आवाज मी एकवीस वेळा घासून साफ केला आणि त्यातनं फक्त खोकला उरला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दाजी दुबईला नोकरीला, आक्का आमच्याकडं, बेळगावजवळच्या कंग्राळीत. पत्र लिहायचा दाजींना कंटाळा, म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. दोन महिने काहीच आलं नव्हतं. आक्का रोज पोस्टमन पुढं गेल्यावरच जेवायला बसायची. आणि मी? मच्छे गावातल्या कारखान्यातला पगार टेपरेकॉर्डरवर उधळणारा कानसेन! बेळगावच्या बाजारात एका दुकानदारानं मला लोहचुंबकाचं जाडजूड कडं विकलं. "कॅसेटवर सात वेळा फिरवा, आवाजातला मळ निघतोय बघा!"

"आवाजाला मळ कुठला रं?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला त्यातलं कळत न्हाय, आप्पा!" (हे वाक्य पुढं वर्षभर मला रोज ऐकवण्यात आलं.)

शेवटी कॅसेट आली. आक्का ओले हात पदराला पुसत धावत आली. "लाव की रं लवकर!"

"थांब गं, आधी साफ करतो."

दुकानदार सात म्हणाला होता. पण दाजी घरचे, म्हणून मी एकवीस वेळा फिरवलं!

टेप सुरू झाला. आई, आप्पा, आक्का कान लावून बसले. टेप चिडीचूप!

"बघा! जरा तरी खरखर हाय काय?" मी म्हणालो.

"खरखर न्हाय, व्हय. पण दाजी कुठं हाईत?" आप्पा म्हणाले.

"विचार करत असतील."

पंधरा मिनिटं दाजी विचारच करत होते. मी ते कडं हळूच सतरंजीखाली सारलं. बाजू उलटली, तिथंही तेच. अगदी शेवटी मात्र एकदाच आवाज आला, "खो खो खो!"

आक्का पांढरीफटक पडली. "एवढंच? बोलवंना झालंय व्हय त्यास्नी?"

आई देवापुढं नारळ ठेवायला उठली. आप्पा चपला घालून तार करायला निघाले. आक्का उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडायला लागली, तेव्हा मात्र मला राहवेना.

"आप्पा, थांबा! दाजींना काय झालेलं न्हाय. ते बोलणं म्याच पुसलंय, त्या कड्यानं!"

आप्पांनी पायातली चप्पल हातात घेतली. पण त्याच्या आधीच आक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "दोन महिनं वाट बघितली रं मी!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी दारात टेम्पो थांबला. त्यातनं दाजी उतरले, धुळीनं माखलेले, रागानं लालबुंद.

ते आप्पांवरच घसरले, "मामा, सकाळधरनं ठेसनावर बसलोय! दिवस, गाडी, समदं कॅसेटीत सांगितलं हुतं! सामान लई हाय, बैलगाडी आणा म्हणालतो!"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. आक्का तेवढी हसत-रडत त्यांच्याकडंच बघत होती.

पाणी पिऊन दाजी शांत झाले. बॅगेतनं एक चकचकीत डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "घे सुरेश, तुझ्या टेपसाठी आणलंय. आवाज लई साफ करतंय म्हणं."

आत कडं! लोहचुंबकाचं!

आक्कानं ते हिसकून घेतलं आणि थेट परसातल्या विहिरीत टाकलं. बरोबरच केलं तिनं. मी मान खाली घालून विहिरीच्या काठाशी उभा होतो. पण खोटं कशाला बोलू? ते बुडताना बघून माझ्या मनात एकच विचार आला: फॉरेनचं होतं, कदाचित ह्यानं मळ निघाला असता!