काकूंच्या मांडणीतला बेस

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत पूर्वी फर्निचरचे गोदाम असलेला एक लहानसा हॉल आहे. त्याच्या दारात मी ध्वनिमापक हातात घेऊन उभी होते. बाकीचे लोक गिटार घेऊन आले होते, झांजा घेऊन आले होते, काही नाही तर निदान मैत्रीण घेऊन तरी आले होते.

यंत्र माझ्या गळ्यात कोणी बळेच अडकवले, असे लिहायला मला आवडले असते; पण ते खरे नाही. मोटारींतला आवाज कमी करणे ही माझी नोकरी आहे. डॅशबोर्ड कुठे खडखडतो, दार कुठे कुरकुरते हे हुडकायचे आणि तिथे लोकरी पट्टी दाबून बसवून त्याला गप्प करायचे. या कामात मी चांगली आहे. पस्तिशीच्या आत विभागप्रमुख होण्याचा माझा बेत आहे आणि तो मी कोणापासून लपवलेला नाही, अगदी सध्याच्या विभागप्रमुखांपासूनही नाही. अशा मुलीचा धाकटा भाऊ रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. धायरीच्या आमच्या घरात आई म्हणते, "एकानं आवाज करायचा, दुसरीनं निस्तरायचा."

त्या संध्याकाळी निस्तरण्याजोगे बरेच होते. हॉलच्या भिंतीला लागून एक सोसायटी आहे आणि तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी वाढत चालल्या होत्या. शेवटी तोड निघाली ती अशी: तीन बँड वाजतील, प्रत्येकाच्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या खिडकीत आवाज मोजला जाईल, एकदाही आकडा पासष्ट डेसिबलच्या वर गेला, तर कार्यक्रम तिथल्या तिथे बंद आणि या हॉलमध्ये पुन्हा बँड नाही. भावाचा बँड तिसरा होता. स्वतः रचलेली मराठी गाणी ते प्रथमच लोकांपुढे वाजवणार होते आणि नवख्या मराठी बँडला उभे करणारी दुसरी जागा त्यांना वर्षभर शोधूनही सापडलेली नव्हती.

मोजणारा तटस्थ हवा होता. "माझी ताई मोजेल," भाऊ बैठकीत म्हणाला, "ती सख्ख्या भावालाही सोडत नाही." सेक्रेटरींनी म्हणे लगेच होकार दिला. भावाचे म्हणणे खोटे नव्हते. त्याचा दहावीचा विज्ञानप्रकल्प शाळेआधी मी तपासला होता आणि त्याला नापास केले होते.

तटस्थपणाच्या भरात मी एक व्हॉट्सॲप ग्रुपही काढला. त्यात हॉलचे मालक, सोसायटीची समिती आणि मी. प्रत्येक आकडा तत्काळ तिथे टाकायचा. वर चार ओळींची नियमावली मी स्वतः लिहिली: यंत्राने दाखवलेला कोणताही आकडा लपवला वा बदलला जाणार नाही, वगैरे. समितीतल्या एकांनी जोडलेले हात पाठवले. मी ती संमती समजले. तो नमस्कार लांबूनच केलेला असावा, हे मला नंतर सुचले.

पहिला बँड चार कॉलेजकुमारांचा. हॉल तुडुंब भरला होता. शनिवारीही कामावर जाऊन हिंजवडीहून थेट आलेल्या मंडळींच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रे तशीच होती आणि ती तालावर उडून शेजाऱ्याच्या नाकाला लागत होती. गायकाने माइक लोकांकडे वळवून आरोळी ठोकली, "पुणे, आवाज कुठाय?"

"एकशे दोन, स्टेजच्या समोर," मी म्हणाले.

शेजारच्या मुलीने कानातला बोळा काढून विचारले, "काय?" मी पुन्हा सांगितले. तिने बोळा परत घातला.

गाणे रंगात असताना मी जिन्याने सेक्रेटरींच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. "या. चपला बाहेर, यंत्र आत." स्वयंपाकघराची खिडकी हॉलच्या भिंतीसमोर होती. अठ्ठावन्न. आकडा ग्रुपवर टाकून मी परत पळाले.

दुसरा बँड म्हणजे नऊवारी नेसलेली गायिका आणि तिचा ढोलक वाजवणारा जोडीदार. गिटारमधून करवतीसारखा सूर काढत ती लावणीच्या ठेक्यावर गात होती. मध्येच तिने अख्ख्या हॉलला खाली बसवले, बोट वर केले आणि सगळ्यांना एकदम उडायला लावले. मीही उडाले. मात्र मी अर्ध्या मात्रेने उशिरा उडते आहे असे माझ्या लक्षात आले आणि ती चूक सुधारण्याच्या नादात मी अर्धी मात्रा आधी उडू लागले. एका सद्गृहस्थांच्या पायावर उतरले तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "अहो, तुम्ही आपल्या गाण्यावर उडा, आम्ही आमच्या." मला घाम आला होता, केस सुटले होते आणि यंत्र पर्समध्ये राहिले होते. ते काढून पुन्हा जिना चढले. एकसष्ट.

"आकडा उत्तम आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण आमची भांडी वाजतात."

भिंतीवर स्टीलची मांडणी होती. ताटे, वाट्या, फुलपात्री, सगळे चकचकीत आणि सगळे बारीक थरथरत होते. मी त्यांना शास्त्र समजावले. बेस म्हणजे तळचे, जाड सूर. भिंतीतून तेच आरपार येतात. मात्र माणसाच्या कानाला ते कमी ऐकू येतात, म्हणून आमच्या मापनपद्धतीत त्यांना मुद्दाम कमी भाव देतात.

"म्हणजे मला जे ऐकू येतंय, ते मला ऐकू येत नाही, असं तुमचं यंत्र म्हणतंय."

"ढोबळमानाने, हो."

"छान. म्हणजे माझ्या कानांविषयी निर्णय झाला, आता मांडणीचं बोला. पासष्टच्या आत राहिलात तर आज मी थांबवणार नाही. पण त्या शेवटच्या पोरांच्या वेळीही ही अशीच वाजत राहिली, तर पुढच्या कार्यक्रमांना समितीत माझं मत नाही. माझ्यामागून बाकीच्यांचंही नाही."

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, आम्ही चढतोय. पुढे ये, मला दिसशील अशी."

"मी सेक्रेटरीकाकांच्या स्वयंपाकघरात आहे."

"अजून? कुठे?"

"मांडणीत," मी म्हणाले आणि खरोखरच डोके आत घातले.

हे मात्र माझे क्षेत्र होते. यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि वीतभर अंतरावरच्या मांडणीत खडखड हुडकू लागले. काकू, म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नी, मागे उभ्या राहून सूचना देत होत्या. "ते फडकं नको, ते पोळ्यांचं आहे. हे घे, हे ओट्याचं." फुलपात्र्यांखाली फडके गेले, वाट्यांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या गेल्या. ताटांची चळत मात्र काही केल्या ऐकेना. शेवटी मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि मांडणी गप्प झाली. भावाचे गाणे सुरू झाले होते.

गायक ऐकू येत नव्हता. गिटार, झांजा, लोकांचा गलका, सगळे भिंतीपलीकडे राहिले होते. पोचत होता तो फक्त बेस. कानांत कमी, ताटांतून तळव्यांत अधिक. भाऊ घरी सराव करतो तो हेडफोन लावून. बाहेर नुसती तारांची टकटक येते. त्याने पाठवलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगला मी एकच उत्तर देत आले होते: 'छान. बेस जरा ऐकू येत नाही.' ते मी अभिप्राय म्हणून लिहीत असे, हे विशेष. तो काय वाजवतो हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. दोन पायऱ्या उतरायचा, तिसरीवर रेंगाळायचा, आता पडणार असे वाटेपर्यंत थांबायचा आणि मग अगदी सावकाश घरी यायचा.

काकूंनीही चळतीवर तळवा ठेवला. "हे कोण वाजवतंय गं?"

"माझा भाऊ."

"आणि गाणारा?"

"तो भिंतीपलीकडेच राहिला."

"राहू दे." त्यांनी दुसराही तळवा टेकवला. "थांबला बघ. आता... हं, आला."

तो पुन्हा उतरला, रेंगाळला, घरी आला आणि गाणे संपले. मी टाळ्या वाजवल्या.

ताटे ज्या हातांनी धरली होती, त्याच हातांनी.

पहिले ताट ओट्यावर पडले. उरलेली चळत त्याच्यावर, तिथून फरशीवर. एक ताट बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहिले. पलीकडे हॉलमध्ये लोक ओरडत होते, पण ती दाद माझ्या भावाला होती.

सेक्रेटरी दारात आले. त्यांनी फरशीकडे पाहिले नाही. सरळ कट्ट्यावरचे यंत्र उचलले. त्यावर सर्वोच्च आकडा तसाच गोठून राहतो, हे मीच त्यांना मघाशी अभिमानाने दाखवले होते. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि खिशातून फोन काढला. पलीकडे दुसऱ्या गाण्याचे पहिले सूर लागत होते.

"बाह्य कारणाने आलेला आकडा वगळण्याची मान्यताप्राप्त पद्धत असते," मी म्हणाले. माझा आवाज, मोजला असता तर, फार भरला नसता.

"असेल. तुमच्या चार ओळींत दिसली नाही."

ती तिथे नव्हती. चारही ओळी मला पाठ होत्या.

"अहो," काकू खाली वाकून ताटे गोळा करत म्हणाल्या, "ताटं आपली, पाडली हिनं. त्या पोराचा काय संबंध?"

"आणि त्याच्या गाण्याला मांडणी वाजली त्याचं काय?"

"हिनं धरली होती तोवर नाही वाजली."

"म्हणजे दर कार्यक्रमाला कोणीतरी येऊन मांडणी धरायची."

"मी जुन्या सुती साडीच्या घड्या घालीन फळ्यांवर. मला आवडलं ते."

सेक्रेटरींनी काकूंकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग फोन खिशात ठेवला. "वाजवू दे त्यांना. पुढच्या महिन्यालाही माझी हरकत नाही, समितीला मी सांगतो." माझ्याकडे वळून ते अत्यंत आदराने म्हणाले, "आपण मात्र येऊ नये. आमच्याकडे ताटं एवढीच आहेत."

दुसरे गाणे मी काकूंच्या ओट्याला टेकून, फरशीवर बसून ऐकले. म्हणजे त्यातला बेस ऐकला. आकडा पाठवलाच पाहिजे होता. पाठवून काढून टाकला, तर 'हा मेसेज हटवला आहे' ही ओळ मागे राहते, आणि ती कोणत्याही आकड्याहून वाईट दिसते. मी टाइप केले: तिसरा बँड. स्थळ: स्वयंपाकघर. कारण: मोजणारी. कमाल पातळी: चौऱ्याण्णव डेसिबल.