खांबाला पाठ लावून

"साहेब, लाइन बंद हाय. सबस्टेशनातून दोनदा सांगितलाय. आता कशाला थांबायचा?"

लायनमन सकपाळ कमरेला दोर बांधून खांबाशी उभा होता. कुडपणच्या चढावर वणव्यात जळालेलं झाड अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर पडलं होतं. झाड कापून झालं, तुटलेली तार वर चढून जोडायची तेवढी राहिली होती. शिमग्याचा दिवस, ऊन मी म्हणत होतं. दुपारनंतर पालखी घरोघर फिरणार आणि सकाळपासून मोटर बंद, म्हणजे पाणी बंद. सकपाळचं घर त्याच गावात. त्याची घालमेल मला कळत होती.

"अर्थिंग रॉड कुठाय?"

"जीपमध्ये राहिला. जाऊन येऊन तास जाईल."

अर्थिंग रॉड म्हणजे हूक लावलेली लांब काठी. हुकाची वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची आणि तारेला हात लावण्याआधी हूक तारेवर अडकवायचा. चुकून कुठून वीज आलीच, तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. नियम तसा आहे. लाइन बंद असली की तो सर्रास टाळतात, हेही खरं.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. "अजून किती वेळ? सणाला आलेल्या मुंबईकरांनी डोकं खाल्लंय माझं."

"दीड तास, सर. रॉड आणायला पाठवतोय."

"लाइन बंद आहे ना? मग?"

उत्तर होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. वीज कंपनीत येण्याआधी मी सैन्यात इंजिनिअर होतो, कारगिलला होतो. लढाई संपल्यावर आपणच पेरलेले सुरुंग आपल्यालाच काढावे लागतात. एका पट्ट्यावर नकाशात 'साफ' लिहिलं होतं. तो नकाशा दाखवून मीच हवालदार बलबीरला पुढे जा म्हणालो. त्याचा डावा पाय गेला. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही, त्याचाच त्रास जास्त होतो. तेव्हापासून 'बंद आहे', 'साफ आहे' असं कुणी म्हटलं की मला नुसता थकवा येतो.

मदतीला आलेल्या मोहित्यांना खाली पिटाळलं. सकपाळ तोंड फिरवून उभा. माझी पाठ वळली की हा चढणार, हे दिसतच होतं. म्हणून मी खांबाला पाठ लावून खाली बसलो. मला ओलांडल्याशिवाय त्याला वर जाता येईना. एरवी साहेबाला असं बसलेलं पाहून तो हसला असता. गावाकडून फटफट आवाज येत होता. ट्रॅक्टर असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही.

मोहिते धापा टाकत आले. सकपाळनं सळई ठोकली, वायर जोडली आणि रागारागानं रॉड तारेला लावला.

फाटकन ठिणगी उडाली. गावाकडची फटफट थांबली.

सकपाळ एका दगडावर बसला आणि आपल्या हातांकडे पाहत राहिला.

मग आम्ही गावात गेलो. मघाचा आवाज सकपाळच्याच अंगणातला होता. मुंबईहून आलेला त्याचा धाकटा भाऊ बंद पडलेल्या जनरेटरची दोरी खटाखटा ओढत होता.

"काय केलास रे?" सकपाळनं विचारलं.

"दादा, पालखी येणार. अंगण सारवायला पाणी नको? वायर घरातल्या सॉकेटमध्ये घातली, मोटर चालू."

"मेन स्विच पाडला होतास?"

"तो कशाला पाडायचा?"

मेन स्विच चालू राहिला की जनरेटरची वीज घरातून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट उतरवून घराला देतो, उलट बाजूनं आलेली वीज तो तशीच चढवतो. सकपाळ जी तार हातात धरणार होता, त्या तारेत भावाच्या जनरेटरची वीज होती.

सकपाळनं बादल्यांकडे पाहिलं. "पाणी भरलास?"

"अर्धाच झालाय."

"राहू दे. मशीन बंद ठेव. मी वर चढणार हाय."

चारच्या सुमारास लाइट आली. पालखी नाचत अंगणात आली, तेव्हा सकपाळनं नारळ माझ्या हातात दिला. तो मी पालखीपुढे वाढवला.

रिपोर्टात उशिराचं कारण लिहायचं असतं. 'रॉड जीपमध्ये राहिला', एवढंच लिहिलं, जनरेटरचं नाही. साहेबांनी मेमो दिला, मी सही करून घेतला. हल्ली रॉड सकपाळच्याच खांद्यावर असतो. लाइन बंद आहे का, हे तो आता कुणाला विचारत नाही. तारेलाच विचारतो.

बलबीरला हे फोन करून सांगावं असं वाटलं होतं. अजून केलेला नाही.