आईच्या उशाशी मांडलेलं टेबल

खाली भावाचं चपलांचं दुकान, वर घर. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा औषधं वेळेवर सापडेनात, म्हणून ताईनं दुकानातलं रिकामं खोकं वर आणलं. आत पुठ्ठ्याचे कप्पे केले, मैद्याची खळ शिजवली आणि बाहेरून जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला. मग सुयादोऱ्यांना खोकं, चष्म्यांना खोकं, खाली दुकानाच्या गल्ल्यावर सुट्ट्या पैशांना खोकं. भाऊ म्हणायचा, "ताई, मी जरा निवांत बसलो तर मलाही कागद लावशील!"

ताई हसायची. पण जिना उतरायला लागली की वरून हाक आलीच, "कुठे निघालीस गं?" लग्नाचं वय असंच आईच्या उशाशी सरलं होतं.

एकदा चपला घ्यायला आलेल्या बाइंडरकाकांनी गल्ल्यावरचं खोकं उचललं आणि कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "कोणी केलं?" भावानं वर ताईकडे बोट दाखवलं. "एक सुरकुती नाही! दुपारी माझ्या कारखान्यात पाठवा त्यांना. पेट्यांचं मोठं काम आलंय, हात कमी पडताहेत."

"जा ताई, मी बघते आईंकडे," वहिनी म्हणाली.

ताई गेली. खिडकीजवळचं टेबल, सरसाचा वास, कागद कापल्याचा करकर आवाज. सबंध दुपार तिला कोणी हाक मारली नाही. परतताना पाय जमिनीवर ठरत नव्हते.

घरी आईचं ताट तसंच झाकलेलं. वहिनीचे डोळे लाल. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"आई, दुपारपुरतीच तर गेले होते."

"मी कुठे नको म्हटलं? मी राहीन पडून."

दुसऱ्या दिवशी ताई गेली नाही. काकांनी समजूतदारपणे पुठ्ठे घरीच पाठवले. भावानं हौसेनं टेबल आणलं आणि आईच्या खाटेला लावून मांडलं. आई जेवायला लागली. आल्यागेल्याला पेट्या दाखवायची, "माझ्या लेकीच्या हातात जादू आहे. घरबसल्या नाव काढलं!" सगळे खूश. रागवायचं तरी कोणावर?

पेट्या न्यायला आलेल्या कामगाराला एकदा ताईनं सहज विचारलं, "ते खिडकीजवळचं टेबल रिकामंच असेल ना?"

"छे, नवी बाई आली की तिथे."

"उजेड चांगला असतो तिथे," ताई म्हणाली.

"कोणाशी बोलतेस गं?" हातभर अंतरावरून आईनं विचारलं.

"कोणाशी नाही, आई." ताईनं पुढचा पुठ्ठा ओढला.